धोबी तलावची कयानी : शाळासोबत्यांनी बसावे अशी जागा

धोबी तलावच्या जेर महालात १९०४ पासून चालू असलेल्या कयानी अँड कंपनीविषयी मावा केक आणि ब्रून मस्क्याच्या निमित्ताने पुष्कळ लिहून झाले आहे. मला या इराणी हॉटेलाची शिफारस वेगळ्या कारणासाठी करायची आहे. लहानपणी एका बाकावर बसलेली मंडळी साठीच्या आसपास पुन्हा एका टेबलाभोवती जमणार असतील, तर दक्षिण मुंबईत त्यांच्यासाठी याहून योग्य ठिकाण माझ्या पाहण्यात नाही.

इथून चालत गेल्यास थोड्याच अंतरावर जेझुइट पाद्र्यांनी १८६९ मध्ये सुरू केलेले सेंट झेवियर्स हायस्कूल आहे. आमची शाळा तीच. गिरगाव-ठाकुरद्वारच्या चाळींतली मराठी मुले, कावेल आणि दाबूळच्या गोवेकर व ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती) घरांतली मुले, प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूची पारशी आणि गुजराती मुले अशी सरमिसळ आमच्या वर्गात होती. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला गेली की बाकीचे आम्ही मॉरल सायन्सला बसत असू. पण सकाळची प्रार्थना सगळ्यांची एकच असे आणि ती आजही आम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. हजेरीपटावरच्या आडनावानेच एकमेकांना हाक मारायची सवय तिथे लागली, ती नातवंडे झाली तरी सुटलेली नाही.

या मैत्रीची एक अडचण मात्र पन्नाशीनंतर ध्यानात येते. शाळेत गणवेशामुळे झाकला गेलेला परिस्थितीतला फरक पुढे उघड होतो. कुणी कंपनीचा संचालक म्हणून निवृत्त झालेला असतो, कुणी गोदीत कारकुनी करून, तर कुणाचे सगळे औषधपाण्यातच गेलेले असते. एकदा आम्ही एका महागड्या हॉटेलात जमलो होतो. तिथले मेन्यूकार्ड हातात आल्यावर आमच्यातल्या एकाने भूक नसल्याचे सांगून फक्त लिंबू सरबत मागवले, आणि ते आम्हा बाकीच्यांच्या जिव्हारी लागले. इराण्याकडे तो प्रश्न येत नाही. कयानीचे बिल असे असते की आज याने, पुढच्या खेपेला त्याने, असे फिरते राहू शकते आणि कुणालाही कुणाचे देणे लागल्यासारखे वाटत नाही. माझ्या लेखी या जागेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

खाण्याबद्दल सांगायचे तर ब्रून पाव इथे जसा असायला हवा तसाच असतो: वरचा पापुद्रा कडक, आत मऊ, आणि चहात बुडवल्यावर लोणी कडेने सुटू लागते. ज्यांच्या दातांची आता खात्री नाही त्यांनी सरळ बन मस्का मागवावा. चहा कडक, गोड आणि दुधाचा; बशीत ओतून प्यायला तरी कुणी वळून पाहत नाही. खिमा-पाव झणझणीत असतो, मात्र मला त्याहून आकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडाभुर्जी, अधिक आवडते, कारण तिच्यातली अंडी ओलसर राहतात आणि कांदा-मिरचीचा स्वाद वेगळा कळतो. मावा केकमध्ये वेलचीचा वास येतो, पण तो माव्याच्या वर जात नाही.

आमच्या टेबलाची मागणी वर्षभर सारखी नसते. श्रावणात गिरगावकर मंडळी खिमा आणि अंडी दोन्ही सोडून बन मस्क्यावर येतात. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आमचा कावेलचा मित्र खिम्याऐवजी आकुरी घेतो. यावर कुणी काही विचारत नाही की समजावून सांगत नाही. एकमेकांचे उपवास आम्हाला डब्यांवरून शाळेतच पाठ झाले होते.

अशी मैत्री आमच्याच वाट्याला आली असे नाही. सुनील गावसकर आणि मिलिंद रेगे यांची शाळा एक, कॉलेज एक आणि पुढे दादर युनियन हा क्लबही एक. रेगे मुंबईचे कर्णधार झाले, निवड समितीवर त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या गटातल्या प्रत्येकाने कुणा ना कुणाला फोन केला होता.

जाणाऱ्यांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. मरीन लाइन्स स्टेशनवरून चालत येता येते. मेट्रो सिनेमाचा चौक ही खूण पुरे. लाकडी खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ आणि काउंटरवरच्या काचेच्या बरण्या यांमुळे छायाचित्रे काढणाऱ्यांची येथे वर्दळ असते, म्हणून निवांत बोलायचे असल्यास रविवारची सकाळ टाळून आठवड्यातली एखादी दुपार निवडावी. चार-सहा जणांसाठी ही जागा उत्तम आहे. संपूर्ण बॅचचा मेळावा भरवायचा असेल, तर मात्र शाळेचाच हॉल मिळतो का ते आधी विचारावे आणि कयानीतून खारी व बिस्किटे बांधून न्यावीत.