‘ए-३२० करून टाका, नोकरी पक्की’: टाइप रेटिंगच्या नावाखाली घातला जाणारा गंडा

सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात पडून काही महिने झाले आणि कुठूनच बोलावणं आलं नाही, की हा फोन येतो. ‘नुसत्या सीपीएलला कोण विचारतंय? ए-३२० चं टाइप रेटिंग करून टाका. इंडिगोने ५०० विमानं मागवली आहेत, वर्षभरात उजव्या सीटवर बसाल.’ टाइप रेटिंग म्हणजे एका ठराविक प्रकारचं विमान उडवता येतं अशी लायसन्सवरची नोंद, आणि उजवी सीट म्हणजे सहवैमानिकाची, फर्स्ट ऑफिसरची. रक्कम पंधरा-वीस लाखांच्या घरातली. त्यातले दोन-तीन लाख ‘स्लॉट’साठी आजच भरायचे, कारण म्हणे उद्या बॅच भरतेय.

ऑर्डर खरी आहे, जून २०२३ मधली. पण ती विमानं २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत, एवढं मात्र एजंट गाळतो. उड्डाण न करता रेटिंग तसंच पडून राहिलं तर शिळं होतं. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग लागतात, आणि दीर्घ खंड पडला तर पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चेक, पुन्हा खर्च.

कुठल्या विमानाचं रेटिंग आहे, यावर कुठल्या कंपनीचं दार उघडेल हे ठरतं. देशात ए-३२० कुटुंब इंडिगो आणि एअर इंडिया गटाकडे आहे. बोइंग ७३७ अकासा, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्सप्रेसकडे. एटीआर ७२ इंडिगो, अलायन्स एअर आणि गोव्याच्या फ्लाय९१ कडे. ‘स्वस्तात जमवून देतो’ म्हणत क्यू-४०० या छोट्या विमानाचं रेटिंग गळ्यात मारलं, तर देशात दार ठोठवायला जवळजवळ एकच कंपनी उरते. ७३७ मध्ये आणखी एक मेख आहे. ७३७ च्या जुन्या पिढीचं, म्हणजे एनजीचं, रेटिंग ‘नव्या पिढीच्या मॅक्सलाही चालतं’ म्हणून विकलं जातं. कागदावर टाइप एकच आहे, पण मॅक्ससाठी फरकाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. अकासाचा ताफा तर सगळाच मॅक्सचा.

टाइपवर बेतलेलं करिअर एका रात्रीत कसं अडकतं, तेही पाहून घ्या. मार्च २०१९ मध्ये डीजीसीएने (देशातल्या विमान वाहतुकीच्या नियामकाने) मॅक्स जमिनीवर बसवलं, ते ऑगस्ट २०२१ पर्यंत. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि ७३७ चे हजारो तास असलेले पायलट बाजारात आले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी थांबली, तेव्हा ए-३२० वाल्यांची तीच गत. त्या रांगेत शून्य तासांचं नवं रेटिंग कुठे उभं राहणार? ‘टाइप रेटेड फर्स्ट ऑफिसर पाहिजेत’ ही जाहिरात एजंट दाखवतो, पण तिच्या खालची ओळ नीट वाचा. बहुतेक वेळा त्या टाइपवर प्रत्यक्ष उडालेले तास मागितलेले असतात.

आता पॅकेज. माहितीपत्रकावर ‘५६ तास सिम्युलेटर’ असं लिहिलेलं असतं. त्याची फोड मागा. चार तासांचं एक सेशन दोघांत असतं. त्यात तुम्ही स्वतः विमान उडवता ते दोनच तास, उरलेले दोन शेजारी बसून साथ द्यायची. प्रशिक्षणाची ती रीतच आहे, त्यात गैर काही नाही. लबाडी होते ती हे सगळे तास, वर न हलणाऱ्या साध्या ट्रेनरचेही, ‘फुल फ्लाइट’ (खऱ्या विमानासारखा हलणारा सिम्युलेटर) म्हणून मोजण्यात. जोडीदार ऐनवेळी आला नाही, तर ‘सपोर्ट पायलट’चे वेगळे पैसे उकळले जातात.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती बेस ट्रेनिंगवर, म्हणजे खऱ्या विमानावरच्या प्रशिक्षणावर. सिम्युलेटर संपल्यावर मिळणारं प्रमाणपत्र म्हणजे रेटिंग नव्हे. २०० तासांच्या नवख्या पायलटला खऱ्या विमानावर टेक-ऑफ-लँडिंग करावी लागतात, आणि मगच लायसन्सवर नोंद होते. संस्थेकडे सिम्युलेटर असतो, ए-३२० नसतं. ते विमान कंपनीकडूनच मिळवावं लागतं, आणि तुम्हाला नोकरीवर न घेणारी कंपनी ते कशाला देईल? करारात ‘बेस ट्रेनिंग उपलब्धतेनुसार’ असं दिसलं, की समजा तिथेच मुलगा लटकणार. परदेशात उरकलेल्या कोर्सचंही तेच. ती संस्था डीजीसीएला मान्य नसेल, तर इथे नोंदच होत नाही.

पैसे देण्याआधी संस्थेचं मान्यतापत्र मागा आणि नाव डीजीसीएच्या यादीशी ताडून पाहा. टाइप त्यात लिहिलेला हवा, मुदत संपलेली नको. सिम्युलेटरचं पात्रता प्रमाणपत्र वेगळं असतं, तेही बघा. विमान कुठल्या कंपनीचं, बेस ट्रेनिंग कुठल्या महिन्यात आणि ते न झाल्यास परतावा किती, हे करारात लिहून घ्या. नोकरीचं पत्र आलं आणि त्यात व्यक्तीच्या खात्यात ‘सुरक्षा ठेव’ भरायला सांगितलं असेल, तर त्यावरचा नंबर न वापरता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून शहानिशा करा. खरं तर त्या टाइपच्या कंपनीचं लेखी बोलावणं हातात येईपर्यंत स्वतःच्या खर्चाने रेटिंग करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बऱ्याच कंपन्या निवड झाल्यावरच रेटिंग करून घेतात, मग पैसे बॉन्ड (ठराविक काळ नोकरी करण्याचा करार) करून पगारातून कापोत किंवा आधी भरून घेवोत.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. चॅट, पावत्या, कॉलची नोंद पुसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांत देता येते, आणि रक्कम मोठी असेल तर ती आर्थिक गुन्हे शाखेकडे जाऊ शकते. एजंट ‘संस्था जबाबदार’ म्हणतो आणि संस्था ‘आमचा एजंट नव्हेच’ म्हणून हात वर करते, म्हणून पहिला हप्ता संस्थेच्याच खात्यात, पावतीवर टाइपचं नाव घेऊन भरलेला असावा.