ऑस्ट्रेलियातील ‘हेडस्पेस’ : एका पालकाचा चार वर्षांचा अनुभव

मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरांत गेल्या पंधरा वर्षांत बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झाली आणि त्यांची मुले आता व्हीसीईच्या, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या, वयाला आली आहेत. हे लेखन मुख्यतः त्या पालकांसाठी आहे. माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना प्रथम हेडस्पेस या तरुणांच्या मानसिक आरोग्यसेवेच्या केंद्रात गेली, आज ती एकोणीस वर्षांची आहे, आणि मधल्या काळात तिने ही सेवा तीन वेळा घेतली व तिन्ही वेळा थांबवली. आधी एक खुलासा करते. याच नावाचे ध्यानधारणेचे एक लोकप्रिय अ‍ॅप आहे, त्याचा या संस्थेशी काहीही संबंध नाही. माझ्या एका मैत्रिणीने त्या अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी भरली आणि समुपदेशकाचा फोन कधी येतो याची वाट पाहत ती पंधरा दिवस बसली होती.

हेडस्पेस ही संस्था ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने २००६ मध्ये स्थापन केली. देशभरात तिची दीडशेहून अधिक केंद्रे असून १२ ते २५ या वयोगटातील कोणालाही तेथे जाता येते. शुल्क नसते किंवा अगदी थोडे असते. प्रत्येक केंद्र चालवण्याची जबाबदारी एखाद्या स्थानिक संस्थेकडे असल्यामुळे नाव आणि हिरवी पाटी सारखी असली, तरी आतले मनुष्यबळ केंद्रागणिक बदलते. माझा अनुभव एकाच केंद्राचा आहे, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. ‘१२ ते २५’ ही मर्यादा विचारपूर्वक ठरवलेली आहे. या संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेणारे आणि २०१० मध्ये ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी अनेक वर्षे सांगत आले आहेत की बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते, आणि जुन्या व्यवस्थेत मात्र नेमक्या अठराव्या वर्षी मुलाला बालविभागातून काढून प्रौढांच्या रांगेत उभे केले जाते. येथील सांख्यिकी विभागाच्या २०२० ते २०२२ च्या पाहणीत १६ ते २४ वयोगटातील ३८.८ टक्के तरुणांना आधीच्या बारा महिन्यांत एखादा मानसिक विकार झाल्याचे आढळले. २००७ मध्ये हेच प्रमाण सुमारे २६ टक्के होते. मी हे आकडे प्रथम वाचले तेव्हा आपल्याच घरात काही बिनसले आहे ही माझी समजूत थोडी सैल झाली.

आमची पहिली वेळ २०२१ च्या अखेरची. मेलबर्न शहर तोवर सहा टाळेबंद्यांत मिळून २६२ दिवस घरात बसले होते, आणि शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा माझी मुलगी शाळेच्या दारापर्यंत जाऊन गाडीतून उतरेना. पोट दुखते, श्वास अडकतो, हात गार पडतात. आम्ही पोटाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सासूबाईंनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर दृष्ट काढली, आणि शेवटी मुलीनेच शाळेच्या समुपदेशिकेकडून नंबर घेऊन केंद्राला स्वतः फोन केला. डॉक्टरांची चिठ्ठी लागली नाही, आणि या सेवेची पहिली जमेची बाजू मला हीच वाटते. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःसाठी मदत मागावीशी वाटते, तो क्षण चिठ्ठीच्या शोधात दवडला असता, तर पुन्हा केव्हा आला असता हे मला सांगता येणार नाही.

पहिल्या भेटीत घर, शाळा, मित्रमैत्रिणी, झोप, खाणे, व्यसने, लैंगिकता आणि जिवाला काही करून घेण्याचे विचार, अशा सगळ्याच विषयांवर विचारणा होते. मी बाहेरच्या खोलीत होते. तासाभराने मला पाच मिनिटांसाठी आत बोलावून सांगण्यात आले की जिवाला धोका दिसला तर पालकांना नक्की कळवले जाईल, बाकीचे किती सांगायचे हे मुलीने ठरवायचे आहे. मला राग आला, हे लिहायला संकोच वाटत नाही. डबा मी भरते, फी मी भरते, रात्री उशाशी मी बसते, आणि माझ्याच मुलीच्या मनात काय आहे ते एका परक्या बाईला ठाऊक असणार आणि मला नाही! येथे पंधराव्या वर्षी मुलाला मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचे, स्वतःचे वेगळे कार्डही घेता येते, हे मला त्याच दिवशी कळले. पुढे काही महिन्यांनी तिने स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता आपण होऊन बरेचसे सांगितले. तेव्हा माझ्या लक्षात आले की ते परक्या ठिकाणी एकदा बोलून झाले होते म्हणूनच घरात बोलता आले.

त्या वेळी तिला सहाच भेटी लागल्या. प्रत्येक भेटीआधी टॅबलेटवर पाच प्रश्न येतात : एकंदर बरे वाटणे, रोजची कामे, मित्रांशी नाते, घरच्यांशी नाते आणि अडचणींना तोंड देण्याची ताकद. प्रत्येकासाठी शून्य ते शंभर या पट्टीवर बोटाने खूण सरकवायची. ही पट्टी म्हणजे काही निदान नव्हे, परंतु मागच्या वेळेपेक्षा आज आपण कुठे आहोत हे मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. सहाव्या भेटीनंतर समुपदेशिकेने थांबायचे सुचवले. मला ते पटेना. अँटिबायोटिकचा कोर्स मध्येच सोडू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, आणि मानसिक उपचार मात्र गरज सरली की थांबवायचे, पुन्हा लागले तर पुन्हा यायचे, त्यात अपयश मानायचे नाही, हे माझ्या गळी उतरायला पुढची दोन वर्षे लागली.

२०२४ मध्ये, बारावीच्या वर्षी, ती वेळ आली. या खेपेस लक्षणे वेगळी होती : झोप उलटीपालटी, चिडचिड, आणि मार्चपासून अभ्यास पूर्ण ठप्प. केंद्रात जुनी नोंद होती, त्यामुळे सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागली नाही. आता मात्र गरज मोठी होती आणि आराखडाही त्यानुसार बदलला. जी.पी.कडून, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडून, मानसिक आरोग्याचा उपचार-आराखडा करून घेऊन केंद्रातल्याच मानसशास्त्रज्ञाकडे दर आठवड्याला बैठका ठरल्या, पुढे त्या पंधरवड्यावर आल्या, परीक्षेच्या आधी पुन्हा आठवड्यावर गेल्या. दोन बैठकांना आम्हा आईवडिलांनाही बोलावले गेले. त्याच इमारतीत शिक्षण आणि नोकरीविषयी मार्गदर्शन करणारी व्यक्ती होती, तिने शाळेशी बोलून परीक्षेतील सवलतीचा अर्ज कसा करायचा ते मुलीला शिकवले. मानसिक आरोग्य, शारीरिक व लैंगिक आरोग्य, व्यसने आणि शिक्षण-रोजगार, या चारही गोष्टी एकाच छताखाली ठेवण्याचा फायदा मला येथे दिसला. बारावीच्या मुलीचे दुःख आणि तिचा एटार, म्हणजे प्रवेशासाठीचा गुणक्रम, ही दोन टेबलांवरची प्रकरणे नसतात. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत चौथी काकू एटार विचारते, तेव्हा तर अजिबातच नसतात.

तुलनेसाठी सांगते. दोन खेपांच्या मधे आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो होतो, त्याचे नाव घेत नाही. तेथे बारा बैठकांचे पैसे एकदम भरायचे होते, वार आणि वेळ ठरलेली होती, आणि शाळेच्या सहलीमुळे एक बैठक चुकली तर तिचे पैसे गेले. तिथल्या बाई हुशार होत्या, त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु आजारपण वेळापत्रकाने चढत-उतरत नाही, आणि पाचव्या बैठकीनंतर मुलीला काही बोलायचे उरले नव्हते, तरी आम्ही उरलेल्या बैठका वसूल करत राहिलो.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. मानसशास्त्रज्ञाकडील बैठकांचा खर्च बऱ्याच अंशी मेडिकेअरमधून भागतो आणि मेडिकेअर एका कॅलेंडर वर्षात दहाच वैयक्तिक बैठकांना सवलत देते. कोविडच्या काळात ही संख्या वीस केली होती, ती २०२२ च्या अखेरीस पुन्हा दहावर आणली गेली. सौम्य किंवा मध्यम त्रासाला दहा पुरतात, त्याहून गुंतागुंतीच्या आजाराला पुरत नाहीत. आणि असा रुग्ण रुग्णालयाच्या विभागात दाखल करून घेण्याइतका गंभीरही नसतो. या मधल्या पायरीवर अडकलेल्या तरुणांना येथील तज्ज्ञ ‘हरवलेला मधला गट’ म्हणतात. व्हिक्टोरिया राज्याच्या मानसिक आरोग्यविषयक रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, २०२१ च्या अहवालात सरकारी रुग्णसेवेतही १२ ते २५ असा सलग विभाग करावा असे सुचवले, ते याच तुटलेल्या दुव्यामुळे. अनेक केंद्रांत पहिल्या भेटीसाठी काही आठवड्यांची प्रतीक्षायादी असते. मनोविकृतीच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या, सुरुवातीच्या अवस्थेसाठी संस्थेचा स्वतंत्र आणि अधिक सघन कार्यक्रम आहे, परंतु तो मोजक्याच ठिकाणी चालतो. शिवाय ही तातडीची सेवा नाही. जिवाला धोका असेल तर ००० हाच क्रमांक, आणि रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असेल तर ५ ते २५ वयासाठी चोवीस तास चालू असलेली किड्स हेल्पलाइन : १८०० ५५ १८००.

मराठी कुटुंबांसाठी आणखी दोन गोष्टी. मराठी बोलणारा समुपदेशक मिळेलच असे नाही. मुलांना त्याची गरज नसते, कारण त्यांच्या मनातले शब्द बहुधा इंग्रजीच असतात. अडचण होते ती आजीआजोबांना किंवा इंग्रजीत मन मोकळे न करता येणाऱ्या आईला बैठकीत सामील करून घेताना. सरकारी दुभाषा सेवेचा क्रमांक १३१ ४५० आहे, आणि दुभाषा हवा असल्याचे भेट ठरवतानाच सांगावे. घरच्याच मुलाला दुभाषा करू नये, मी ते एकदा केले आणि त्याने माझी निम्मी वाक्ये गाळून पुढे पोचवली. दुसरी गोष्ट शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांची. त्यांना मेडिकेअर नसते, म्हणून वरच्या दहा बैठकांचा हिशोब त्यांना लागू होत नाही. आपल्या जवळच्या केंद्रात काय मिळेल हे त्यांनी आधी विचारावे आणि स्वतःच्या आरोग्यविम्याचे नियम वाचावेत. भारतातील नातेवाइकांनी मला विचारले, म्हणून सांगते : टेलि-मानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्यसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मात्र तो दूरध्वनी आहे; मुलाला एकट्याने आत शिरता येईल अशी रस्त्यावरची पाटी ही वेगळी गोष्ट आहे.

तिसरी खेप फारच छोटी होती. विद्यापीठातील पहिल्या सत्रात एका रात्री तिने हेडस्पेसच्या ऑनलाइन सेवेवर गप्पा मारल्या, नंतर केंद्रात एकच बैठक घेतली आणि स्वतःहून थांबली. मला हे सगळे दीड महिन्याने कळले. मी केंद्राचा क्रमांक माझ्या फोनमध्ये जपून ठेवला होता, तिने तो पाहिला आणि म्हणाली, “आई, तो माझ्याकडे आहे, तू काढून टाक.” मी काढून टाकला.