सिंथ खरा, कागद खोटे

संग्रहालयासाठी जुना सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) घेताना मोडकं यंत्र गळ्यात पडेल, ही भीती सगळ्यांना असते. मुंबईतल्या आमच्या संग्रहाच्या बाबतीत घडलं ते निराळं. ठरलेल्या तीन यंत्रांपैकी दोन आली आणि दोन्ही खरी निघाली. खोटा होता त्यांचा इतिहास, आणि जास्तीचे पैसे त्या इतिहासाचेच मोजले गेले. हीच पद्धत शहरात अजून फिरते आहे, म्हणून तपशील देत आहोत.

प्रस्ताव असा होता. अंधेरीतला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद झाला, त्यातली रोलँड जुनो-१०६, यामाहा डीएक्स७ आणि रोलँड टीबी-३०३ (बेसचे सूर वाजवणारं छोटं यंत्र) ही तीन यंत्रं एका मध्यस्थाकडे आहेत. सोबत १९८२ चं खरेदीचं बिल, एका वादकाच्या घरच्यांचं पत्र आणि टीबी-३०३ बद्दल बरंचसं सूचक बोलणं. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र घेऊन रागांची जी रेकॉर्ड केली, ती पुढे जगभर गाजली. तेव्हापासून मुंबईत कुठलाही टीबी-३०३ निघाला की 'त्याच मंडळींकडचा' हे शेपूट त्याला चिकटतंच.

आधी बिल पाहू. जुनो-१०६ बाजारात आला १९८४ मध्ये, डीएक्स७ १९८३ मध्ये. ही दोन्ही १९८२ च्या बिलावर असूच शकत नाहीत. हे दाखवल्यावर उत्तर तयार होतं: "बिल जुनो-६० चं असेल, घरच्यांचा गोंधळ झाला." जुनो-६० खरोखर १९८२ चा आहे, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं वाटतं. असले लोक विषय वाचूनच आलेले असतात. पण त्याच बिलावर इंग्रजीत दुकानाच्या पत्त्यात 'मुंबई' छापलं होतं, 'बॉम्बे' नाही. इंग्रजीतलं अधिकृत नाव १९९५ मध्ये बदललं. शिवाय फोन नंबर आठ आकडी, आणि तसे नंबर शहरात कितीतरी नंतर आले. दुसरी गोष्ट, त्या काळी आयातीवर निर्बंध होते आणि जकात भारी होती. बरीच वाद्यं परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून यायची. त्यामुळे अस्सल फाइलमध्ये विमानतळावरची जकातीची पावती सापडली तर नवल नाही. उलट शहरातल्या दुकानाचं चकचकीत बिल निघालं तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजावं.

मागच्या बाजूची व्होल्टेजची पट्टी वाचायला कोणी सांगत नाही, पण ती फार बोलते. या जुनोवर १०० व्होल्ट लिहिलेलं होतं, म्हणजे यंत्र जपानच्या घरगुती बाजारातलं. मुंबईच्या स्टुडिओत तो चाळीस वर्षं स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालला असेलही, अशक्य नाही. मग खालचा पत्रा उघडा. चाळीस पावसाळे काढलेल्या यंत्राच्या स्क्रूंना गंज असतो, स्लायडरच्या फटीत धूळ आणि ओल मिळून खळ झालेली असते, पत्र्याच्या कडांना पांढुरकी बुरशी असते. इथे आतून सगळं लख्ख. यंत्र अलीकडेच जपानच्या जुन्या बाजारातून आणलेलं होतं, एवढाच अर्थ.

(ओघात आलंच आहे म्हणून: १०० व्होल्टचं यंत्र थेट २३० च्या सॉकेटला लावलं तर नशीब असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेज जुळलं तरी बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर (यात वीज बल्बमधून यंत्राकडे जाते), फिलामेंटचा बल्ब लावून करावं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक; भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातला, म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचा, कुठलाही कारागीर असा बोर्ड दहा मिनिटांत जोडून देतो.)

जुनोच्या आवाजाचा व्हिडिओ आला होता आणि ऐकायला झकास होता. त्यातली चलाखी समजून घ्या. जुनो-१०६ मध्ये सहा आवाज असतात, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजतात, आणि प्रत्येकाच्या फिल्टर-ॲम्पसाठी ८००१७ए नावाची एक चिप, म्हणजे एकूण सहा. या चिपवरचं काळं एपॉक्सीचं आवरण जुनं झालं की त्यातून विजेची गळती होते. मग तो आवाज करकरतो, अडकून वाजत राहतो किंवा मुका होतो. व्हिडिओत पॉली १ आणि पॉली २ ही दोन्ही बटणं एकदम दाबलेली होती. त्याने युनिसन लागतं, एका पट्टीवर सहाही आवाज एकत्र वाजतात आणि त्यात दोन मेलेले असले तरी कानाला कळत नाही. वर आवाज भरदार करणारा कोरस २ हा इफेक्ट चालू. शिवाय क्लिप दीड मिनिटाची, आणि हा बिघाड बरेचदा यंत्र तापल्यावरच डोकं वर काढतो.

खरी तपासणी अशी करा. की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून यंत्र चालू करा, टेस्ट मोड येतो. पट्टी दाबली की डिस्प्लेवर कुठला आवाज वाजतो आहे त्याचा क्रमांक दिसतो. कोरस बंद ठेवा, एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत १ ते ६ ऐका, अर्धा तास तापू द्या आणि पुन्हा ऐका. या यंत्रात २ आणि ५ गेलेले होते. चिपा बदललेल्या असतील तर त्यात गैर काही नाही. नव्या पर्यायी चिपा मिळतात, काही लोक मूळ चिपवरचं आवरण ॲसिटोनने उतरवून तीच वाचवतात. पण विक्रेता 'हातच लागलेला नाही' म्हणत असेल तर सहाही चिपांवर मूळ काळं आवरण दिसायला हवं. इथे त्यातल्या तीन उघड्या होत्या.

डीएक्स७ चा प्रकार मात्र कसबी होता. 'वादकाने स्वतः बनवलेले ३२ आवाज आत तसेच आहेत' असं सांगून किमतीत भर घातली होती. डिस्प्लेवर नावंही देशी: कुठे 'सितार ए', कुठे रागाचं नाव. वाद्य संगणकाला जोडणाऱ्या मिडी केबलने पूर्ण बँक, म्हणजे साठवलेल्या आवाजांचा संच, काढली तर ४१०४ बाइटची फाइल मिळते: ३२ आवाज, प्रत्येकी १२८ बाइट, बाकी ८ बाइट सुरुवातीचे, शेवटचे आणि चेकसमचे. प्रत्येक १२८ मधले शेवटचे १० बाइट म्हणजे निव्वळ आवाजाचं नाव. ते १० वगळून उरलेले ११८ बाइट यामाहाच्या फॅक्टरी बँकेशी ताडून पाहिले, आणि सगळे तंतोतंत जुळले, तेही त्याच क्रमाने. 'ब्रास १' च्या जागी राग, 'ट्यूब बेल्स' च्या जागी देवळाची घंटा. नावं बदलायला अर्धा तास लागतो, आवाज घडवायला आयुष्य जातं. वादकाच्या यंत्रात फॅक्टरीचे आवाज असणं संशयास्पद नाही, बहुतेकांच्या यंत्रात तेच असतात. पण नावं खोडून बदललेली सापडली की बनाव उघडा पडतो.

म्हणून डीएक्स७ हातात आला की आधी डंप (आतल्या आवाजांची ही फाइल) काढा, मगच बॅटरीला हात लावा. ती बोर्डवर सोल्डर केलेली असते, ती काढली की आतले आवाज गेलेच. डंपची मूळ फाइल न बदलता जपा आणि नोंदीत तारीख, कोणी काढली, कुठल्या इंटरफेसने काढली, एवढं लिहा.

टीबी-३०३ कधी आलाच नाही. त्याचे फक्त फोटो होते आणि त्याच्यापोटी दोन लाखांचा बयाणा 'भाच्याच्या' खात्यात गेला. फोटोत मागे पाच पिनांचं गोल सॉकेट होतं, त्याला विक्रेता 'मिडी' म्हणत होता. १९८१ ते ८४ मध्ये बनलेल्या या यंत्राला मिडी नाहीच, ते डिन सिंकचं, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी ताल जुळवण्याचं सॉकेट आहे, आकार तोच. ज्याच्याकडे यंत्र असतं त्याला हे ठाऊक असतं. फोटो परदेशातल्या एका जुन्या जाहिरातीतले निघाले, उलट प्रतिमा-शोधात सापडले. खात्रीसाठी यंत्राशेजारी आजचा पेपर आणि आपण दिलेला नोंदणी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागावा. या विक्रेत्याला तो मागितल्यावर 'सामान पॅक झालंय' असं उत्तर आलं.

मग दुसरी मागणी आली: 'पुरातत्त्व खात्याच्या परवानगीची फी'. कागदावर शिक्काही होता. ही सरळ थाप. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू किमान १०० वर्षं जुनी असावी लागते, हस्तलिखितांसाठी ७५. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरला हा कायदा लागूच होत नाही. संग्रहालय म्हटलं की अशी फी खपून जाते, हे त्यांनी हेरलेलं असतं.

खातं ज्याच्या नावावर, तोच विक्रेता आणि त्याच्याच सहीचं मालकी हस्तांतराचं पत्र, हे जुळल्याशिवाय बयाणा देऊ नये. पत्रात सिरियल नंबर हवा आणि 'हे यंत्र मला कोणाकडून, कधी मिळालं' हे त्याच्याच शब्दांत हवं. तपासणीच्या दिवशी सिरियलची पट्टी, आतले बोर्ड आणि मोठ्या चिपांवरचे तारखेचे आकडे यांचे फोटो काढा (८३१७ असेल तर बहुधा १९८३ चा १७ वा आठवडा), खालच्या स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, यंत्र पोचल्यावर ताडून पाहा. तपासलेलं एक आणि पोचलेलं दुसरं, हाही प्रकार या धंद्यात चालतो.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते. फसवणुकीची पोलीस तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. सोबत यूपीआयचा व्यवहार क्रमांक, खोटं बिल आणि शिक्क्याचा कागद जोडा. व्हॉट्सॲपवरून साधे पाठवलेले फोटो असतील तर त्यातला काढल्याच्या तारखेचा तपशील गळून गेलेला असतो, म्हणून विक्रेत्याकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. त्याने टाळाटाळ केली तर ते चॅटही तक्रारीला जोडता येतं.