हॉटेलच्या चॅटमध्ये आलेला मेसेज हॉटेलचा नव्हता

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघं पुण्याहून स्वित्झर्लंडच्या आल्प्सला गेलो. झुरिक, ल्युसर्न, लाउटरब्रुनेन, झरमॅट आणि शेवटी खूर ते इटलीतलं तिरानो ही बर्निना एक्स्प्रेस रेल्वे, असा बेत होता. ट्रिप सुंदर झाली, भरपूर बर्फ मिळाला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज लिहितेय ते लाउटरब्रुनेनच्या हॉटेलच्या नावाखाली आमच्या क्रेडिट कार्डावरून गेलेल्या जवळजवळ दीड लाख रुपयांबद्दल. ज्या युक्तीने ते गेले ती आजही जोरात चालू आहे, आणि नाताळच्या आठवड्यात तिला जास्त गिऱ्हाईक मिळतं.

हॉटेल आम्ही जुलैतच ठरवलं होतं. सगळ्यांच्या फोनमध्ये असतं तसलंच एक नावाजलेलं बुकिंग अ‍ॅप. दरीतलं छोटं, घरगुती हॉटेल, समोर श्टाउबबाखचा धबधबा. पैसे तिथे पोहोचल्यावर, स्विस फ्रँकमध्ये द्यायचे होते. कार्डाचा नंबर फक्त हमी म्हणून दिलेला. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपमधल्याच चॅटवर आम्ही हॉटेलला विचारलं होतं, की नाश्त्याला अंड्याशिवाय काय मिळेल आणि सामान लवकर आणून ठेवलं तर चालेल का. दोन्हीची उत्तरं व्यवस्थित, आपुलकीने आली होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा खेळ याच चॅटमध्ये झाला.

२३ डिसेंबरला दुपारी आम्ही ल्युसर्नहून इंटरलाकेनच्या गाडीत होतो. ही गाडी ब्रुनिगच्या घाटातून जाते, चढावर दातेरी रुळांना धरून. खिडकीबाहेर बघावं की फोटो काढावेत अशा गडबडीत मेसेज आला. त्याच चॅटमध्ये, त्या नाश्त्याच्या उत्तराच्या बरोबर खाली. आमची दोघांची नावं, तारखा, खोलीचा प्रकार, रक्कम, सगळं बरोबर. मजकूर असा, की सणाच्या गर्दीत खोटी बुकिंग वाढल्यामुळे पाहुण्यांच्या कार्डाची पडताळणी सक्तीची केली आहे. सोबतच्या लिंकवर चार तासांत ती केली नाही तर बुकिंग आपोआप रद्द होईल. पैसे कापले जाणार नाहीत, रक्कम काही वेळ राखून ठेवली जाईल आणि लगेच सोडली जाईल.

"अगं, खोली गेली तर आज रात्री जायचं कुठे?" नवऱ्याचा हा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही दुसऱ्या अ‍ॅपवर पाहिलं. लाउटरब्रुनेन, वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड, सगळीकडे फुल्ल. इंटरलाकेनमध्ये एक खोली होती, तिचा भाव वाचून ते पान आम्ही गुपचूप बंद केलं.

लिंकवरचं पान हुबेहूब त्या अ‍ॅपसारखं होतं. तोच निळा-पांढरा साज, हॉटेलचा फोटो, आमची नावं आधीच भरलेली. कार्डाची माहिती घातल्यावर बँकेचा ओटीपी आला. कोपऱ्यात मदतनीसाची चॅट-खिडकी उघडली आणि कोणीतरी लिहू लागलं, की बँकेचा कोड ही केवळ तपासणी आहे, एसएमएसमध्ये रक्कम दिसली तरी घाबरू नका. एसएमएस आला त्यात १,१९० युरो लिहिले होते आणि दुकानाचं नाव हॉटेलचं नव्हतं, अ‍ॅपचंही नव्हतं. स्विस हॉटेल युरोत कशाला मागेल? पण चार तासांतला एक तास गेलेला, डोंगरात नेटवर्क येतंय-जातंय, आणि मदतनीस तत्परतेने धीर देतोय. ठगाने हा धीर देण्यासाठी माणूस बसवला होता, याचं मला अजूनही नवल वाटतं. कोड गेला. पान गोल गोल फिरत राहिलं. मग "पडताळणी अपुरी, दुसरं कार्ड वापरा" असं आलं, तेव्हा मात्र नवऱ्याने फोन मिटवला.

पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा एसएमएस: ४२० युरो गेले. या वेळी ओटीपी मागितलाच नाही. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला दुसरी खातरजमा लागते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण परदेशी दुकानावर तेव्हा तसं बंधन नव्हतं. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जाऊ शकत होते.

हॉटेलात पोहोचलो तर काउंटरवरच्या मावशींनी आमचा चेहरा पाहूनच विचारलं, "तुम्हालाही तो मेसेज आला?" सकाळपासून त्या हेच ऐकत होत्या. बुकिंग शाबूत होतं, खोली तयार होती. हॉटेलने कसलीच पडताळणी मागितली नव्हती. आणि अर्थातच खोलीचे पूर्ण पैसे आम्हाला नव्याने द्यावे लागले.

युक्ती कशी चालते ते त्या मावशींनी सांगितलं, नंतर आम्हीही वाचून काढलं. ठग पाहुण्याला गाठण्याआधी हॉटेलला गाठतात. हॉटेलला मेल जाते, जणू एखादा पाहुणा तक्रार करतोय किंवा सामान विसरलाय, "हा फोटो बघा" म्हणून. काउंटरवरच्या माणसाने ती लिंक उघडली की संगणकात पासवर्ड चोरणारा प्रोग्राम शिरतो. मग हॉटेलचं बुकिंग अ‍ॅपवरचं खातं ठगांच्या ताब्यात. कोण कधी येणार, किती पैसे देणार, काय बोलणं झालंय, हे सगळं त्यांना दिसतं, आणि हॉटेलच्याच नावाने खऱ्या चॅटमध्ये लिहिता येतं. त्यामुळे "मेसेज अधिकृत अ‍ॅपमध्ये आला म्हणजे खरा" हे गणित इथे कोलमडतं. ब्रिटनच्या अ‍ॅक्शन फ्रॉड या यंत्रणेकडे जून २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात असल्या ५३२ तक्रारी आल्या, नुकसान ३,७०,००० पौंडांचं. या फक्त एका देशात नोंदवल्या गेलेल्या.

नाताळच का, तेही तिथे राहिल्यावर कळलं. आल्प्समध्ये हा आठवडा म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीतलं महाबळेश्वर. पर्यायी खोली नसते, त्यामुळे रद्द होण्याची धमकी खरी वाटते. २४ तारखेला दुपारनंतर दुकानं मिटायला लागतात, २५ला गाव शांत. छोट्या हॉटेलात काउंटरवर चोवीस तास माणूस नसतो. पर्यटक गाडीत किंवा रांगेत असतो, अंधार साडेचार-पाचलाच पडतो. ठगाला याहून बरी वेळ कोणती?

कार्ड आम्ही हॉटेलच्या लॉबीतच बँकेच्या अ‍ॅपमधून बंद केलं. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक तिथून लागेना. माझ्या धाकट्या दिराने पुण्यातून तो लावला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरची तक्रार मात्र परदेशातूनही करता आली. दुसऱ्या दिवशी इंटरलाकेनमध्ये पोलिसांकडे तक्रार दिली. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि जर्मनमधली प्रत हातात दिली. पैसे मिळतील असं काही ते म्हणाले नाहीत, पण पुढे बँकेने पहिल्यांदा तीच प्रत मागितली, म्हणून हा कागद घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

बुकिंग अ‍ॅपच्या ग्राहकसेवेने खेद व्यक्त केला आणि बँकेशी संपर्क साधा असं सुचवलं. मेसेज त्यांच्या चॅटमध्ये आला, लिंक त्यांच्या चॅटमध्ये आली, पण जबाबदारी बँकेची! यावर आणखी काय लिहायचं?

बँकेचं म्हणणं रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकावर बेतलेलं होतं. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. ना ग्राहकाचा दोष, ना बँकेचा, गळती तिसरीकडेच झाली, आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. ४२० युरोंना ओटीपी नव्हता, तो वाद आम्ही जिंकलो, रक्कम परत आली. १,१९० युरोंना ओटीपी दिलेला होता. तिथे बँक हटली नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही तेच उत्तर मिळालं. म्हणजे लाखाहून अधिक रक्कम गेली ती गेलीच.

यंदा नाताळात कोणी निघालं असेल तर "हॉटेलवर पैसे" असं बुकिंग असताना आधी पैसे किंवा पडताळणी मागणारा कुठलाही मेसेज आला, तरी सरळ फोन उचलून हॉटेलला विचारा. नंबर मेसेजमधला नको, हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा किंवा नकाशावरचा. लिंकचा पत्ता वाचताना सुरुवात बघून फसू नका. सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीचे, टिंबाने जोडलेले शेवटचे दोन तुकडे बघा (शेवट .co.in सारखा असेल तर तीन), पान त्यांच्या मालकाचं असतं. आमच्या लिंकमध्ये अ‍ॅपचं नाव होतंच, पण पुढे आडवी रेघ मारून भलतंच काही जोडलेलं. ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचा, चलन आणि दुकानाचं नाव त्यातच असतं.

आणि कार्डाच्या अ‍ॅपमध्ये जा. कार्डाचे वेगवेगळे वापर हवे तेव्हा बंद-चालू करण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना द्यायला लावली आहे, तरी कित्येकांनी ती उघडूनही पाहिलेली नसते. परदेशातली दुकानं-यंत्रं आणि परदेशी ऑनलाइन खरेदी यांची बटणं वेगवेगळी असतात, मर्यादाही घालता येते. आल्प्समध्ये तिकीट, कॉफी, फाँड्यू (वितळलेल्या चीजचा पदार्थ), सगळं यंत्रावर कार्ड टेकवून होतं, ऑनलाइनचं बटण बंद असलं तरी काही अडत नाही. यंत्राने रुपये की फ्रँक असं विचारलं तर फ्रँकच म्हणा. रुपयांचा दर दुकानाची यंत्रणा ठरवते आणि तो महाग पडतो, ही कायद्यात बसणारी लूट. ऑनलाइन काही घ्यायचं असेल तेवढ्यापुरतं बटण चालू करा, झालं की बंद. आमचं ते सहा महिने सलग चालू होतं, बर्निनाच्या जागा आरक्षित केल्या तेव्हापासून. त्या जागाही एरवी लागल्याच नसत्या. त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्या धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्याही उघडतात.