जुळ्या सिलिंडरची सीएनजी: डिकी खरंच वाचते का? आठ महिन्यांनंतरचा अनुभव

सीएनजी गाडीची डिकी उघडली की आत नुसतं नळकांडं, आणि बॅगा मागे बसलेल्यांच्या मांडीवर. आपल्याकडे हे इतकी वर्षं चाललं की लोकांनी तक्रार करणंही सोडलं होतं. मे 2023 मध्ये टाटाने अल्ट्रोझमध्ये 60 लिटरच्या एका सिलिंडरऐवजी 30-30 लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे टाकले. पुढच्या वर्षी ह्युंदाईची एक्स्टरही त्याच वाटेने गेली. खालचा अनुभव अशाच एका जुळ्या सिलिंडरच्या हॅचबॅकचा आहे: आठ महिने, अकरा हजारांच्या आसपास किलोमीटर, मध्ये एक अख्खा पावसाळा. इंजिन आणि स्क्रीनबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, त्यामुळे इथे फक्त टाकी आणि डिकी.

दोन सिलिंडर कमी जागा खातात हा पहिला गैरसमज. घनफळ तेवढंच राहतं, बदलतो तो आकार. लांबी तीच ठेवून घनफळ निम्मं केलं तर व्यास निम्मा होत नाही, 0.71 पट होतो. म्हणजे 32 सेंमी व्यासाच्या एका सिलिंडरच्या जागी साधारण 22-23 सेंमीचे दोन येतात. शेजारी शेजारी ठेवले की रुंदी 45 सेंमी होते, पण उंची दहाएक सेंमीने उतरते. सगळा खेळ या दहा सेंमीचा. तेवढ्यामुळे सिलिंडर स्टेपनीच्या खड्ड्यात बऱ्यापैकी बसतात आणि वर सपाट फळी टाकता येते. तरी थोडा भाग खड्ड्याच्या वर राहतोच. म्हणून पेट्रोल अल्ट्रोझची डिकी 345 लिटरची आणि सीएनजीची 210. सव्वाशेवर लिटर गेले ते गेलेच.

वजनाचं गणित मात्र लोकांना वाटतं तितकं वाईट नाही. भिंतीची जाडी व्यासाच्या प्रमाणात लागते. बारीक सिलिंडरला पातळ पत्रा पुरतो, त्यामुळे दोघांचं मिळून पोलाद जवळपास तेवढंच भरतं. वाढतं ते दुसऱ्या व्हॉल्व्हचं, जोडपाइपचं आणि ब्रॅकेटचं वजन.

एलपीजीला मेदूवड्याच्या आकाराची टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात बसते, मग सीएनजीला का नाही, हा प्रश्न हमखास येतो. एलपीजी टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब साधारण दहा बारच्या (बार हे दाबाचं एकक) आत-बाहेर. सीएनजी 200 बारला भरतात. त्या दाबाला वड्याच्या भोकाकडच्या बाजूवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि तिथे पुरेल एवढा जाड पत्रा घेतला तर टाकी उचलायला क्रेन लागेल.

आता डिकी. केबिन बॅग दोन सहज, तिसरी आडवी, वर एखादी सॅक. मोठी ट्रॉली उभी राहत नाही, आडवी टाकली की बाकी जागा संपली. बाजारहाट, विमानतळ, दोन दिवसांचं गावी जाणं, एवढ्याला पुरते. मागची सीट पाडली तरी फळी आणि सीटची पाठ एका पातळीत येत नाहीत, मध्ये पायरी राहते. फळी कडांवर टेकलेली असते. तांदळाचं 50 किलोचं पोतं बरोबर मध्यभागी टाकलं की ती दबते, आणि नंतर खडबडीत रस्त्यावर खडखडते. कडेला फेल्टची पट्टी चिकटवली की आवाज जातो. या फळीतून आरपार स्क्रू मारून वूफर बसवणारे महाभाग आहेत. खाली 200 बारचा पाइप आहे, एवढंच सांगतो.

गॅस भरताना दोन्ही सिलिंडर एकत्रच भरतात, कारण पाइप एकच आणि दाब समान. पूर्ण रिकाम्यात साडेसात ते साडेआठ किलो जातो. संध्याकाळच्या रांगेत पंपाचाच दाब उतरलेला असतो, त्यामुळे सात किलोवरही बोळवण होते. भरताना गॅस तापतो, पंप 200 ला कट होतो, आणि गाडी थंड झाल्यावर काटा खाली आलेला दिसतो. ही गळती नव्हे. पहाटे भरा, किलो-अर्धा किलो जास्त मिळतो.

खरी गफलत वेगळीच, आणि ती जुळ्या सिलिंडरलाच होते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हाताचा व्हॉल्व्ह असतो. सर्व्हिसला काम करताना दोन्ही बंद करतात आणि परत देताना एक उघडायचा राहतो. मग गाडी चार किलोच गॅस घेते, काटा फुल्ल दाखवतो आणि नव्वद-शंभर किलोमीटरला टाकी संपते. लोक इंजेक्टरपासून ईसीयूपर्यंत (इंजिनाचा संगणक) सगळं तपासून घेतात. आधी फळी उचला आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या चाव्या पाहा. बंद असलेली चावी सावकाश उघडा. झटक्याने उघडली तर जादा प्रवाह रोखणारी झडप पडू शकते आणि गॅस पुढे जातच नाही. तसं झालं तर चावी बंद करून हळूहळू पुन्हा उघडायची. बंद सिलिंडरात सर्व्हिसच्या वेळचा दाब अडकलेला असतो, त्यामुळे उघडल्यावर काटा वरखाली हलतो. घाबरू नका, दोघांचा दाब बरोबरीला येतोय.

दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी, सक्तीची. हे नियम नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत येतात. इथे सिलिंडर दोन, म्हणून टेस्ट दोन, प्रमाणपत्रं दोन. शिवाय ते काढायला डिकीचा तळ पूर्ण उघडावा लागतो, त्यामुळे मजुरी जास्त पडते. टेस्टला देताना दोन्ही सिलिंडरांवर कोरलेले नंबर स्वतः लिहून घ्या आणि परत आल्यावर ताडून पाहा. बसवल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. टेस्टच्या पट्टीवरची तारीख उलटली तर पंपावर गॅस मिळत नाही.

डिकीत वाचलेल्या जागेची किंमत भरली ती स्टेपनीने. काही गाड्यांत ती पोटाखाली टांगलेली, काहींत स्टेपनीच नाही, फक्त पंक्चर किट. किटने टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं खिळ्याचं भोक बुजतं, टायरची बाजू फाटली तर नाही. पोटाखालच्या स्टेपनीचा बोल्ट पावसाळ्यात चिखलाने आणि गंजाने असा जाम होतो की रस्त्यात पाना फिरत नाही. दर दोन महिन्यांनी ती एकदा खाली उतरवायची, बोल्टला ग्रीस लावायचं आणि हवा तपासायची. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर उंच स्पीडब्रेकरवर पहिली घासते ती हीच.

जुन्या गाडीत गॅरेजवाल्याकडून दोन सिलिंडर टाकून घ्यायचा विचार असेल तर ब्रॅकेटचा विचार आधी करा. युरोपच्या आर 110 नियमात प्रवासी गाडीच्या भरलेल्या सिलिंडरने प्रवासाच्या दिशेने 20 जी, म्हणजे वजनाच्या वीस पट, एवढा धक्का सोसावा लागतो. 35 किलोचा सिलिंडर त्या क्षणी 700 किलोचा होतो. चार बोल्ट आणि पत्र्याची पट्टी त्याला पुरत नाही. त्या मॉडेलसाठी मान्यता असलेलं किट आणि आरसीवर नोंद, याशिवाय हात घालू नये.

जाता जाता एक: गाडी थेट सीएनजीवर सुरू होत असल्याने पेट्रोल महिनोन्महिने तसंच पडून राहतं. पाव टाकी ठेवा आणि आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. नाहीतर गॅस संपल्यावर नेमक्या घाटात इंजेक्टर चिकटलेले सापडतात.