सीबी पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवावं?

जुनी गाडी मिसिंग करायला लागली (मधूनच ठिणगी चुकवू लागली) की सल्ला ठरलेला असतो: पॉइंट (सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, इग्निशनचा करंट तोडून प्लगला ठिणगी देणारा यांत्रिक स्विच) काढा, इलेक्ट्रॉनिक बसवा, कटकट मिटेल. मीही तेच केलं होतं. मॉड्यूल बसवलं, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लावलं, आठवडाभर गाडी गुणी बाळासारखी वागली आणि मग पुन्हा जुनंच रडगाणं. ॲक्सिलरेटर हलका दाबला की एक हिसका, सोडला की दुसरा. शेवटी डिस्ट्रिब्युटर (पॉइंट ज्यात बसतात आणि जो ठिणगी एकेका प्लगला वाटतो) काढून टेबलावर उघडला. आतली प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी जोडणारी अर्थिंगची बोटभर वायर दिसायला धडधाकट होती. चिमट्यात धरून ओढली तर रबरासारखी ताणली गेली. वरचं कापडी वेष्टण शाबूत, आतल्या तारा तुटलेल्या. व्हॅक्यूमने (इंजिनच्या हवेच्या ओढीने) प्लेट सरकली की जोड सुटायचा, प्लेट परत आली की लागायचा. पॉइंट होते तेव्हाही दोष हाच होता, मॉड्यूल आल्यावरही हाच राहिला.

तेव्हा पॉइंट की मॉड्यूल, हे गाडी आजारी असताना ठरवू नये. आधी आहे त्या सामानावर ती नीट चालवून घ्यावी.

रोग कुठे आहे?

चालती गाडी बंद कशी पडली ते आठवा. कुणी चावी फिरवल्यासारखी फटकन गेली असेल तर पहिला संशय इग्निशनवर. आचके देत, दम टाकत गेली असेल तर बहुतेक वेळा पेट्रोलवर. याला अपवाद भरपूर आहेत, पण हात कुठे घालायचा ते यावरून ठरवता येतं.

सेल्फ मारतानाही बरंच कळतं. सेल्फ फिरत असताना इंजिन लागतं आणि चावी सोडताच बंद होतं? मग बॅलस्ट रेझिस्टर (गाडी चालताना कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या भागाचा, करंट आवरणारा) उडालेला असेल किंवा इग्निशन स्विचचा आतला संपर्क गेलेला असेल. याच्या उलट, सेल्फ कितीही फिरवला तरी लागत नाही आणि चावी सोडण्याच्या क्षणी मात्र पकडतं, तर सेल्फच्या ओढीमुळे कॉइलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीयेत. अशा वेळी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि जाड वायरी बघायच्या. डिस्ट्रिब्युटरला हात लावायची गरज नाही.

मग टेस्ट लॅम्प घ्या. कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे जी बारीक वायर जाते, त्या टर्मिनलला एक टोक आणि बॉडीला दुसरं. चावी चालू करून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत. एकसारखा पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीयेत किंवा त्यांच्यावर मळ बसून करंट जात नाहीये. पेटलाच नाही तर कॉइलपर्यंत करंट येत नाही, नाहीतर पॉइंटची वायर किंवा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) कुठेतरी कायमचा अर्थ झालाय.

याहून चांगली, पण फारसं कुणी न करणारी तपासणी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. पॉइंट मिटलेले, चावी चालू, आणि त्याच टर्मिनलवर मल्टिमीटर. ०.२ व्होल्ट किंवा त्याहून कमी दिसलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर पॉइंट जळालेत किंवा अर्थिंग कच्चं आहे. मीटर लावून ठेवून प्लेट बोटाने हलवली असती, तर माझी तुटकी वायर दोन मिनिटांत सापडली असती. हे झालं की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना इंजिन न फिरवता चावी चालू ठेवली तर कॉइल तापते.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजणं सोपं आहे: बॅलस्ट नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) साधारण ३ ओहम, बॅलस्टवालीचा १.५ च्या आसपास, सेकंडरी (प्लगकडच्या वेटोळ्याचा) काही हजार ओहम. पण थंड कॉइल मीटरला सहज फसवते. गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल, तर बंद पडल्या पडल्या, कॉइलला हात लावला की चटका बसतो तेव्हाच मोजायचं. कंडेन्सरचंही तसंच आहे. तो साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो आणि त्याची तक्रार पॉइंटच्या चेहऱ्यावर उमटते: एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ, आणि उघडताना दोघांमध्ये ठसठशीत ठिणगी. असे पॉइंट पॉलिश पेपरने घासून परत बसवायचे आणि कंडेन्सर तोच ठेवायचा, हा उपचार फार दिवस टिकत नाही.

राहिली डिस्ट्रिब्युटरची कॅप. पुसून उजेडात धरा. आत दोन खांबांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळतो आहे, दमट हवेत जास्तच. ही रेघ खरवडून जात नाही, कॅप बदलावी लागते.

मॉड्यूल नेमकं बदलतं काय

चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची जी मांडणी रूढ केली, ती साठ वर्षं जवळपास तशीच चालली. १९७० च्या दशकात कंपन्यांनी पॉइंट काढायला सुरुवात केली. क्रायस्लरच्या गाड्यांवर १९७३ पर्यंत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट आलं होतं. तत्त्व दोन्हींत एकच: कॉइलमधला करंट अचानक तोडायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट उसळतात. पॉइंट तो करंट धातूच्या दोन टिकल्यांनी तोडतात. मॉड्यूल चुंबकाच्या इशाऱ्यावर ट्रान्झिस्टरने तोडतं.

म्हणजे मॉड्यूल फक्त स्विच बदलतं. कॅप, रोटर (कॅपखालचा ठिणगी वाटणारा फिरता भाग), प्लग, वायरी, ॲडव्हान्सची (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी) वजनं आणि स्प्रिंगा, व्हॅक्यूमचा पडदा, हे सगळं जुनंच राहतं. अडकलेली ॲडव्हान्सची वजनं मॉड्यूलखालीही अडकलेलीच राहतात. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीतून तोंडाने हवा ओढून बघा. प्लेट सरकली नाही किंवा ओढलेली हवा टिकली नाही, तर पिकअप आणि मायलेजची तक्रार तिथेच आहे.

पॉइंटची खरी उणीव झिजण्यात आहे. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असताना पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. प्रत्येक वेळी त्यांची टाच शाफ्टवरच्या उंचवट्यांवर, म्हणजे कॅमवर, घासते. टाच झिजली की गॅप कमी होतो, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) वाढतो आणि टायमिंग मागे जातं. ड्वेलच्या एका अंशामागे टायमिंग साधारण एक अंश. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही, वर्षभराने कुणी दुसरा चालवतो आणि म्हणतो, गाडीत जीव नाही. दर ५ हजार किलोमीटरला फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून बघायचं (बऱ्याच चार सिलिंडर गाड्यांना ०.४ मिमीच्या आसपास, पण आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचाच), कॅमवर ग्रीसचा पुसटसा थर द्यायचा, आणि १० हजारांच्या आसपास बदलायचे. हे मनापासून करणाऱ्याला पॉइंट त्रास देत नाहीत. करीन करीन म्हणणाऱ्याला नक्की देतात.

मॉड्यूलमध्ये घासणारं काही नाही, म्हणून एकदा लावलेलं टायमिंग हलत नाही. शाफ्टचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजून शाफ्ट डुगडुगत असेल तर हा फरक आणखी जाणवतो. पॉइंटवर अशा शाफ्टचा गॅप प्रत्येक कॅमला वेगळा येतो, काही केल्या आयडलिंग गुळगुळीत होत नाही. मॉड्यूल ही डुगडुग बऱ्यापैकी सोसतं. बुश नवं घालणं हा खरा इलाज, पण ते जमत नसेल तर मॉड्यूलच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

मग मॉड्यूलच का नको? कारण ते बिघडतं कसं ते बघा. पॉइंट बिघडायच्या आधी महिनोन्‌महिने कुरकुरतात, आणि गेले तरी रस्त्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर आणि कागदाच्या घडीवर गॅप लावून घरी येता येतं. मॉड्यूल जातं तेव्हा जातंच. आत बघायला काही नाही, घासायला काही नाही. काही मॉड्यूल गरम झाली की रुसतात आणि थंड झाली की जणू काही घडलंच नाही, हे तर सगळ्यात वाईट, कारण टेबलावर तपासताना ती ठणठणीत असतात.

त्याला मारायचे मार्गही बरेच आहेत. बॅटरीच्या वायरी उलट्या लागल्या की संपलं. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) जुनी गाडी असेल तर मॉड्यूल त्याच जातीचं हवं. साध्या मॉड्यूलना इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिलेली चालत नाही. कॉइलचा रेझिस्टन्स त्याला मान्य असेल त्यापेक्षा कमी असेल तर तेही जळतं. तांब्याच्या साध्या प्लग वायरी त्याला गोंधळवतात, रेझिस्टन्सवाल्या लागतात. जुना कंडेन्सर जोडलेला ठेवायचा नाही. आणि बॅलस्टच्या गाडीत मॉड्यूलची पॉझिटिव्ह वायर बॅलस्टच्या आधी, पूर्ण १२ व्होल्टवर जोडायची. कॉइलवरच जोडली की इंजिन चालू असताना त्याची उपासमार होते. मॉड्यूलवर खापर फोडलेली बरीच प्रकरणं मुळात या शेवटच्या चुकीची असतात.

उभ्या असणाऱ्या गाडीबद्दल एक उलटा सल्ला. महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीला पॉइंटच बरे, काही झालं तर घासता येतात, असं लोक म्हणतात. पण उभं राहून पॉइंटच्या टिकल्यांवर ऑक्साइडचा थर बसतो आणि नेमक्या निघायच्या दिवशी स्पार्क येत नाही. अशा गाडीला मी मॉड्यूल सुचवीन. रोज थोडी थोडी चालणाऱ्या, हाताशी फिलर गेज असलेल्या माणसाच्या गाडीला पॉइंट पुरेसे आहेत.

मधली वाटही आहे: पॉइंट तसेच ठेवून त्यांच्यापुढे ट्रान्झिस्टरचा डबा. पॉइंटमधून नावापुरताच करंट जातो, त्यामुळे ते जळत नाहीत, टाच मात्र झिजतच राहते. शिवाय इतक्या कमी करंटने त्यांच्यावरचं तेल, मळ जळूनही जात नाही. डबा बिघडला की दोन वायरी बदलून जुन्या मांडणीवर परत, ही त्याची जमेची बाजू. सीडीआयचा (कॅपॅसिटरमध्ये साठवलेला चार्ज एकदम सोडणारा) डबा आणखी जोरदार पण अगदी क्षणभराची ठिणगी देतो. साध्या रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज मला कधी वाटली नाही, आणि काही जुने आरपीएम मीटर त्यावर चालत नाहीत. पूर्ण नवा डिस्ट्रिब्युटर फक्त जुना शाफ्ट, बुश, वजनं सगळंच संपलं असेल तर. पण त्याचा ॲडव्हान्स आपल्या इंजिनाशी जुळतो का ते आधी बघा, नाहीतर ठोके येतील.

माझ्या गाडीत आज मॉड्यूल आहे. शाफ्ट थोडा डुगडुगतो, म्हणून. डिकीत एका जाड पाकिटात गॅप लावून ठेवलेल्या पॉइंटची प्लेट, चांगला चाललेला जुना कंडेन्सर (नवा नव्हे, मुद्दाम), नवीन अर्थिंग वायर आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर आहे. पाकिटावर पॉइंटच्या वेळचा टायमिंगचा आकडा लिहिलाय.