पहिली गिअरची गाडी: सातारच्या चढावर रेडर 125, आणि ज्या बघून सोडल्या त्या

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते जातील पुढं. टीव्हीएसची रेडर 125 घेतली, डिस्क ब्रेकवाली, आणि साताऱ्यात राहून पहिल्यांदाच गिअरची गाडी शिकणाऱ्याला मी हीच किंवा हिच्याच वजनाची दुसरी कुठलीतरी घ्या म्हणेन. दीडशे सीसीची नको, साडेतीनशेची तर बिलकुल नको. का ते खाली सविस्तर लिहिलंय, लांबलंय जरा.

माझी उंची पाच फूट दोन इंच, आतापर्यंत फक्त अ‍ॅक्टिव्हा चालवलेली, घर चिमणपुरा पेठेत आणि नोकरी कोरेगावला. हे सांगायचं कारण म्हणजे युट्यूबवर जे गाडीचे रिव्ह्यू असतात त्यातली पोरं सगळी सहा फुटी आणि रस्ते सगळे मोकळे सपाट, तिथं शंभरचा स्पीड किती सेकंदात लागतो ते सांगतात, आणि आपल्याला इथं प्रश्न असतो की समर्थ मंदिराच्या चढावर एसटीच्या मागं गाडी थांबली तर परत उचलेल का मागं जाईल. अर्धं सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय, ते काय कुणी रिव्ह्यूत धरत नाही.

घरी सांगितल्यावर जो तो सल्ला द्यायला लागला. दादाचं म्हणणं रॉयल एनफिल्डची हंटर घे, मामा म्हणाले स्प्लेंडर सोडून काय बघूच नको, ऑफिसातला एक जण केटीएमच्या मागं लागलेला (त्याच्याकडं स्वतःकडं नाहीये बरं का). आई म्हणाली अ‍ॅक्टिव्हा काय वाईट आहे. शेवटी कामाचं वाक्य मिळालं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या काकांकडून. "ताई, इंजिन बिंजिन सोडा, गाडी बंद करून ढकलता येती का बघा आधी. चालू गाडी कुनालाबी पेलती."

हे एकदम खरंय. गाडी पडते ती ऐंशीच्या स्पीडला नाही, नवख्याची गाडी पडते ती शून्यावर, म्हणजे यू टर्न घेताना, पार्किंगमधनं मागं काढताना, खड्ड्यात पाय पडल्यावर. हंटर 350 वर बसले तर पाय व्यवस्थित टेकले, सीट 790 मिलिमीटरच आहे तिची, दादा खूश झाला, म्हणाला बघ मी म्हणत नव्हतो. पण शोरूमची फरशी गुळगुळीत नि सपाट असते. वजन आहे 181 किलो. रेडर 123 किलो. मधला फरक 58 किलोचा, म्हणजे सिमेंटचं एक पोतं आणि वर थोडं, आणि ते पोतं तुम्ही रोज सकाळी गल्लीच्या उतारावरनं मागं ओढत बाहेर काढणार. मी दादाला म्हणलं तू रोज येऊन काढून देणार असशील तर घेते. त्याच कंपनीची क्लासिक तर 195 किलो. गाड्या वाईट आहेत असं अजिबात म्हणणं नाहीये, हंटरचा आवाज आणि बसायची ढब मला अजूनही आवडते, पण हात बसल्यावर घ्यायच्या गाड्या आहेत त्या.

उंचीचं पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. रेडरची सीट 780, स्प्लेंडर 785, होंडाची शाईन 791, यामाहाची आर वन फाईव्ह 815, केटीएमच्या ड्यूक 200 ची 822. आकडा हा सीटच्या उंचीचा असतो, सीट किती रुंद आहे ते त्यात कळत नाही आणि रुंद सीट असली की मांड्या फाकतात आणि पाय वरच राहतो. म्हणून जे बूट चप्पल रोज घालता तेच घालून बसा, दोन्ही पाय टेका, मग एक पाय फूटरेस्टवर ठेवून नुसत्या डाव्या पायावर गाडी तोलून बघा. कारण चढावर उजवा पाय मोकळा नसतोच, तो मागच्या ब्रेकवर असतो.

आता चढाचंच सांगते, कारण टेस्ट राइड म्हणून शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात आणि त्यात काहीही कळत नाही. मी एका ठिकाणी हट्टच धरला की चढ असलेल्या रस्त्यानं जायचंय, तो पोरगा मागं बसून आला बिचारा. चढाला मधेच थांबायचं, उजव्या पायानं मागचा ब्रेक दाबून धरायचा, डावा पाय खाली, पहिला गिअर. मग थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडत आणायचा, एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढं ओढ घेते पण ब्रेकमुळं जात नाही, तीच जागा. तिथं हात थांबवायचा आणि ब्रेक सोडायचा. गाडी मागं एक इंच सुद्धा येत नाही. ज्या गाडीत ही जागा पटकन हाताला सापडते आणि क्लच दाबून मनगट दुखत नाही ती गाडी तुमची, मग ती कुठल्या का कंपनीची असेना. रेडरला मला ती लगेच सापडली. शाईनला पण सापडली खरं तर, आणि शाईन जवळजवळ दहा किलोनं हलकी पण आहे, त्यामुळं तिथं माझं बराच वेळ ठरत नव्हतं.

रेडरकडं झुकले त्याचं कारण ऐकून हसाल, मीटरमध्ये कितवा गिअर आहे ते दिसतं. जुन्या लोकांना ते खूळ वाटतं, काका पण म्हणाले आवाजावरनं कळायला पाहिजे. कळेल की हो, सहा महिन्यांनी कळेल, पण सुरवातीला पोवई नाक्यावर चौथ्यात गाडी थांबवून तशीच उचलायला गेलं की धक्के खात बंद पडते आणि मागचा डंपरवाला हॉर्नवर हात ठेवून बसतो. आकडा डोळ्यासमोर असला की थांबता थांबता खाली आणायची सवय लागते. शिवाय साईड स्टँड राहिला तर सांगते आणि सीटखाली थोडीशी जागा आहे, अ‍ॅक्टिव्हाची डिकी नाही ती पण पाकीट नि आरसीची झेरॉक्स राहते. इंजिन 124.8 सीसी, ताकद 11 पीएसच्या थोडी वर, पाच गिअर, टाकी 10 लिटरची. अ‍ॅव्हरेज कोरेगाव रोडला पन्नासच्या वर मिळतंय, गावात कमी, आणि ते चालवणाऱ्याच्या उजव्या हातावर आहे सगळं.

स्कूटरवरनं येणाऱ्यांना, खास करून बायकांना, एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्कूटरचा डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक, आणि मोटरसायकलचा डावा लिव्हर म्हणजे क्लच. वर्षानुवर्षं कुत्रं आडवं आलं की डावा हात आवळायची सवय लागलेली असते, आणि बाईकवर तेच केलं की गाडी थांबत तर नाहीच, उलट इंजिनची पकड सुटते आणि ती मोकळी धावते. उताराला तर बघायलाच नको. यावर उपाय एकच, मोकळ्या मैदानात वीसच्या स्पीडला उजवा हात नि उजवा पाय दोन्ही ब्रेक एकदम, क्लच शेवटी, हे इतक्यांदा करायचं की डोकं मधे यायची गरज पडू नये. तोपर्यंत अ‍ॅक्टिव्हा आणि बाईक एकाच दिवशी आलटून पालटून चालवू नका, असं माझं मत.

यवतेश्वरचा घाट उतरताना पण हेच. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग आपल्याकडं बरेच आहेत. दुसऱ्या तिसऱ्या गिअरला ठेवली की इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर कास पठाराच्या फुलांच्या सीझनला शनिवार रविवार तिकडं शिकायला जाऊ नका, पर्यटकांच्या गाड्या, धुकं आणि कडेला वाहून आलेली माती, शिकण्यासाठी मंगळवार बुधवार काय कमी आहेत का.

बाकीच्या गाड्यांचं थोडक्यात. स्प्लेंडर 97.2 सीसी, 112 किलो, चार गिअर, शिकायला सगळ्यात सोपी आणि कुठल्याही खेड्यात दुरुस्त होते, मामा चूक नव्हते. माझं रोजचं वीस-एक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं नसतं, नुसतं गावातल्या गावात असतं तर तीच घेतली असती. एफझी 150 चांगली वाटली, बसायला सरळ, पण बजेट ताणायचं कारण दिसलं नाही. आर वन फाईव्हवर पुढं वाकून बसावं लागतं, नवख्याचा सगळा भार मनगटावर येतो. ड्यूक 200 ला 25 पीएसची ताकद, म्हणजे रेडरच्या दुपटीहून जास्त, हात चुकून जास्त पिळला गेला तर सांभाळणार कोण. हिरोच्या उंच एक्सपल्सवर बसले आणि हसून उतरले, पायाचे अंगठे टेकत होते फक्त.

एक मुद्दा मात्र 125 च्या विरोधात जातो तो सांगायलाच पाहिजे. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे, 125 पर्यंतच्यांना नुसतं सीबीएस चाललं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो, पण चाक लॉक व्हायचं ते होऊ शकतं. ज्यांना 125 मध्येच एबीएस पाहिजे त्यांनी हिरोची एक्सट्रीम 125 आर बघा, तिच्या एका मॉडेलला पुढच्या चाकाला एबीएस आहे. ऊस तोडणीच्या दिवसात कोरेगाव रोडला ट्रॉलीतनं पडलेला ऊस आणि वाडं चाकाखाली चिरडून रस्ताभर झालेलं असतं, त्यावर पुढचा ब्रेक कचकन दाबला तर काय होईल ते सांगायला नको. मी डिस्क घेतली ती ब्रेक जास्त हुकमी लागतो म्हणून, पण डिस्क म्हणजे एबीएस नव्हे, शोरूममध्ये दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात.

आणि हायवे. लिंब खिंडीकडनं पुण्याला जाऊन यायचं असेल, डबल सीट, तर खंबाटकीच्या चढाला कुठलीही 125 दमते, तिसऱ्या गिअरला यावं लागतं आणि शेजारनं कंटेनर गेला की हवेचा हिसका बसतो. दर आठवड्याला पुणे करणाऱ्यानं ही गाडी घेऊ नये. पण दर आठवड्याला पुणे करणारा नवशिका असूही नये, एसटी आहेत ढिगानं.

लायसनचं विसरू नका. माझ्यासारखं ज्यांचं विनागिअरचं लायसन आहे त्यांना गिअरची गाडी त्यावर चालत नाही, पोलिसानं सोडलं तरी अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले सोडणार नाहीत. परिवहन खात्याच्या सारथी साईटवर जुन्या लायसनमध्ये नवा वर्ग वाढवायचा अर्ज करायचा, परत लर्निंग निघतं, ते 6 महिने चालतं, 30 दिवस झाल्यावर आरटीओत टेस्ट. गिअरच्या गाडीला वय 18 पूर्ण पाहिजे. दहावी झाली म्हणून पोराला गाडी घेऊन देणारे आईबाप यांनी हे दोनदा वाचा.

पैशाचं. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरनं 18 टक्क्यांवर आला, त्यामुळं जुन्या व्हिडिओतले भाव धरू नका, आणि ऑन रोडचा कागद हातात घेऊन एकेक ओळ विचारा. एका शोरूममध्ये, कुठल्या कंपनीचं ते जाऊ द्या, मला कोटेशनमध्ये 'अ‍ॅक्सेसरीज आणि हँडलिंग' म्हणून गलेलठ्ठ रक्कम लावलेली, आणि हँडलिंग म्हणजे काय विचारल्यावर साहेब चहा सांगायला उठले. हेल्मेट गाडीबरोबर देणं नियमात आहे, त्याचे पैसे वेगळे लावत असतील तर बोला. थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला 5 वर्षांचा सक्तीचाच आहे, तो टळत नाही, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आमच्याकडनंच घ्या ही सक्ती नाही, बाहेर भाव काढा. पैसे लावायचेच असतील तर लेग गार्डला लावा. गाडी एकदा तरी आडवी होणारच आहे, लेग गार्ड असला की पाय नि टाकी दोन्ही वाचतात.

जुनी घेऊ का असं पण विचारतात. घ्या की, शिकायला शंभर सीसीची जुनी गाडी म्हणजे उलट बरं, पडली तर जीव हळहळत नाही. फक्त आरसीवर बँकेचा बोजा नाही ना बघा, असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, ट्रान्सफरचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सही करून घ्या, आणि एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलीये का बघा नाहीतर तो पण खर्च तुमच्याच गळ्यात. चेन आणि स्प्रॉकेटचे दात बघायला मेकॅनिक बरोबर न्या, शंभर रुपये आणि एक कटिंग यात काम होतं.

रंगाचं म्हणाल तर मी काळी सोडून घेतली. आमच्या काकांच्या गॅरेजात काळ्या गाड्या धुवायला टाकलेल्या असतात कायम, आणि कोरेगाव रोडची धूळ बघता दोन दिवसात परत तशाच. दादा अजून हंटरवरच अडून आहे, घेऊ दे त्याला, तेवढीच मला रविवारी चालवायला मिळेल.